बाबा, कुसुम आणि घोंगडीखालचा मासा

लोक घाटावर जातात ते देवाला, लग्नाला, नाहीतर मिरजेच्या दवाखान्यात. मी गेले ती वडिलांना परत आणायला. आल्यावर आमच्या गुहागरकडच्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंस गो?" मी सांगितलं, ऊस पाहिला, हळद पाहिली, मेंढरं पाहिली. खरं तर सगळा वेळ मी एकच गोष्ट पाहत होते. माझी धाकटी बहीण कुसुम, आणि तिच्या मागेमागे मांजरासारखे फिरणारे आमचे बाबा. तेच लिहिते आहे. रागाने लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

आई गेली तेव्हा कुसुम पाळण्यात होती आणि मी भाकरी थापण्याएवढी. कुसुमला बाबांनी वाढवलं. मला कुणी वाढवलं ते आठवत नाही, मी वाढले. पुढे कुसुम शिकली, मास्तरीण झाली, आणि कवठे महांकाळच्या तानाजी नावाच्या सायन्सच्या मास्तराशी तिने आपल्या मनाने लग्न केलं. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं, आता शेतीही करणारं. बाबांनी तिचं नाव टाकलं. मी गावातच दिलेली, म्हणून बाबांना माझ्याकडे आणलं. त्यांचं पथ्य, त्यांची विडी, त्यांची चिडचिड, सगळं माझ्या पदरात. माझी काही तक्रार नव्हती. मात्र यंदा शिमगा झाला आणि बाबा एका सकाळी म्हणाले, "कुसुमला बघून येतो आठ दिवस."

गेले ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. घासलेट संपलेले दोन डबे घासूनपुसून त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि मागच्या कातळावरून पट्ट्यांचे मासे धरून नेले. लेकीला आहेर!

हा मासा तुम्ही पाहिला असाल तर ओहोटीला कातळाच्या कपारीत वाकूनच. बोटाएवढा. डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट पट्टे, आणि डोळे नको तेवढे मोठे. जिथे कातळाला प्रवाळ धरलंय तिथल्या काळोखात तो दिवसभर एका जागी तरंगत असतो. अंधार पडला की बाहेर निघून पोट भरतो. जाळ्यात आला तर आमच्याकडे कुणी टोपलीत घेत नाही, नुसते काटे. खाण्याजोगा नाही म्हणून त्याला धड नावही नाही. लहानपणी कुसुम त्याला बघत तासन्‌तास कातळावर बसायची म्हणे. मी बसत नव्हते. मला चूल होती.

आठ दिवसांचा महिना झाला, आंबा उतरायला लागला, तरी बाबांचा पत्ता नाही. सांगलीहून गूळ घेऊन येणाऱ्या एका ट्रकवाल्याने निरोप आणला, "तुमचं म्हातारं बरं हाय. माशास्नी सोडून येता येत न्हाई म्हनतंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी एस.टी.त बसले.

कुंडल

कुंभार्ली घाटाचं आणि कराडच्या स्टँडवरच्या उकाड्याचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते की कुसुमसाठी सुकट घेतली होती. कराडला बस बदलताच कंडक्टरने नाक उडवलं आणि पिशवी टपावर टाकायला लावली. "बाई, ह्ये काय मेल्यालं घेऊन चाललाय?" आमच्याकडे ज्या वासाने भूक लागते त्याने इथे माणसं खिडक्या उघडतात.

कुंडलजवळ बस पंक्चर झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा, पाटाला पाणी. कडेच्या वस्तीवरून एक मिशावाले गृहस्थ आले आणि बायकामाणसांना सावलीत घेऊन गेले. फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले. मुलगाही फौजेत, त्याचा फोटो दारावर. त्यांच्या घरात पाहुण्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देतात. आमच्याकडे आधी कोण, कुठले, कुणाचे ते विचारतात, पाणी मग. ही रीत मात्र त्यांची चांगली, हे कबूल करते.

"कवठ्याला कुनाकडं म्हनायचं?" सुभेदारांनी विचारलं.

"तानाजी मास्तरांकडे."

"आरं तिच्या! माशाच्या घरला?" ते खाटेवरून उठलेच. "आवं, आमी सगळी येऊन बगून गेलो की! त्यो कोकनातला म्हातारा लय भारी सांगतो. ड्यूटी कशी करतो म्हनता! एकेकाला आत घेतो, दावतो, भाईर काढतो. शिस्त म्हंजे शिस्त."

"ते माझे वडील," मी म्हटलं.

सुभेदारांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं व्हय? आमास्नी वाटलं, त्येला येकच लेक हाय. लेकीसाठी आलोय म्हनत हुता."

त्यांच्या सूनबाईंनी कालवण-भाकरी वाढली. कालवण इतकं जहाल की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या म्हणाल्या, "तिकट लागलं का वो?" मी मान डोलावली. ते पाणी सगळंच तिखटाचं नव्हतं.

कवठे महांकाळ

कुंडलचा ऊस मागे पडला की हळूहळू हिरवं संपतं. तासगावच्या पुढे माळच माळ, बाभळी, आणि एवढं मोठं आभाळ की कुठे बघावं कळत नाही. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण माणसं अजून पाण्याच्या कळशीकडे बघतच बोलत होती. अंघोळीचं पाणी न्हाणीतून परसातल्या शेवग्याला, भांड्यांचं जनावरांना. थेंब वाया जात नाही. आणि अशा गावात माझी बहीण समुद्र पाळून बसलेली.

मी पोहोचले तेव्हा ओसरीवर दहाबारा माणसं ओळीने उकिडवी बसली होती. आत एका टेबलावर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत काळी घोंगडी सोडलेली, आणि घोंगडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायाच्या अंगठ्याची तुटकी नखं मी कुठेही ओळखली असती.

"बाबा!"

"थांब गो," घोंगडीतून आवाज आला. "पाळी लाव."

वडिलांना भेटायला मला पाळी लावावी लागली.

झालं होतं असं की तानाजीरावांनी काचेची पेटी बनवून घेतली होती. तळाला कातळाचे तुकडे, वर हवा सोडणारा पंप, आणि वीज गेली तर पंपाच्या जागी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब. पण लोक बघायला येणार दिवसा, आणि मासा दिवसा कपारीतून निघणार नाही. तेव्हा तानाजीरावांनी घोंगडी टाकून पेटीत दिवसाची रात्र केली आणि रात्री ट्यूबलाइट लावून तिथे दिवस केला. थोड्याच दिवसांत माशांना ते पटलं. आत शिरायचं, बाबा लाल कागद लावलेली बॅटरी लावणार, त्या उजेडाने मासा बुजत नाही, आणि मग बघायचं.

माझी पाळी आली. आत लोकरीचा आणि बाबांच्या विडीचा वास. बाबा हलकेच म्हणाले, "तो बघ, डावीकडचा. गाल बघ त्याचा."

एका माशाचा जबडा खालून फुगला होता. तोंड पुरतं मिटत नव्हतं.

"आजारी आहे?"

"अंडी आहेत तोंडात. मादीने घातली, याने उचलली. पिलं फुटेपर्यंत हा सोडायचा नाही. खात पण नाही. बघ, बघ!" माशाने तोंड उघडलं, बारीक मण्यांचा लालसर गोळा पुढे आला, फिरला आणि परत आत गेला. "वारा घालतो त्यांना. मादी बघ कशी खुशाल फिरते आहे. बापाचं काम आहे हे."

बाबांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांनी प्रवास कसा झाला, घर कसं आहे, काही विचारलं नाही. घोंगडीत मला गुदमरल्यासारखं झालं आणि मी बाहेर आले. ओसरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "बगितला न्हवं? दाढंत तमाकू धरल्यागत गाल हाय बगा त्येचा." सगळे हसले. मी नाही हसले.

रात्री जेवताना कुसुमने बाबांच्या ताटातली ज्वारीची भाकरी कुस्करून, दूध घालून दिली, आणि ते मुकाट्याने जेवले. माझ्याकडे भात जरा कडक झाला तर ताट सरकवतात!

"बाबा, कधी निघायचं?" मी विचारलं.

"पिलं होऊ देत."

सांगली

पंपाचं रबर फाटलं म्हणून कुसुम सांगलीला निघाली आणि मला बरोबर घेतलं. हळदीच्या पेठेत पाऊल टाकताच शिंका सुरू झाल्या. तिथे माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. हमालाच्या पाठीवर, बैलांच्या शिंगांवर, चहाच्या बशीत, सगळीकडे हळद. पलीकडे गुळाच्या ढेपांचे ढीग आणि त्यांवर माश्यांचं राज्य. दुकानदार कुसुमला ओळखत होते. "या, मासेवाल्या बाई! पिल्लं झाली का न्हाई?" जी मुलगी माझ्या घरी बांगडा साफ करायला नाकं मुरडायची ती इथे मासेवाली बाई झाली होती.

दुपारी परतीच्या बसला वेळ होता, तेवढ्यात कृष्णेच्या घाटावर सावलीला बसून आम्ही भडंग खाल्लं. भडंग म्हणजे आपल्या चुरमुऱ्यांना लसूण-तिखट लावून केलेला प्रकार. एकदा सुरू केला की हात थांबत नाही. नदी संथ होती. कुसुम म्हणाली, "ताई, बाबा इथे किती मजेत आहेत बघितलंस?"

"बघितलं."

"तुझा चेहरा असा का?"

"हळद झोंबली," मी म्हटलं.

परत आलो तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मेंढरंच मेंढरं. तानाजीरावांचे चुलते, बिरूतात्या, मेंढरं घेऊन पश्चिमेकडच्या चराईवरून पाऊसकाळाआधी गावी परतले होते. घरात कुणी नव्हतं. तानाजीराव शाळेत, आणि बाबा आपले घोंगडीत. कडुनिंबाखाली समुद्राच्या पाण्याची राखीव पिंपं बारदानात गुंडाळून ठेवलेली. पेटीतलं पाणी खराब झालं की बदलायला म्हणून आमच्या बाजूच्या ट्रकांतून येत गेलेलं. तात्यांनी बोट बुडवून चाटून पाहिलं. मेंढरांना अधूनमधून मीठ द्यावं लागतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तात्यांना वाटलं, सुनेने आपल्यासाठी मिठाचं पाणी तयार ठेवलंय!

"लय ग्वाड वाटलं बगा," तात्या कुसुमला सांगत होते. "मास्तरीन हाय, पर मेंढरांचं ध्यान ठिवती! जरा कडक झाल्तं, म्हनून हौदातलं पानी घातलं निम्मं. मेंढरं तुटून पडली. येक थेंब ठिवला न्हाई!"

पिंपं रिकामी, हौदही रिकामा. कुसुम पायरीवर मटकन बसली. आणि मला? खरं सांगते, मला मनातून इतकं बरं वाटलं की मी तोंड फिरवून पदर नीट केल्याचं सोंग केलं. गेला समुद्र! आता तरी बाबा उठतील.

बाबा घोंगडीतून बाहेर आले. सगळं ऐकलं. रागावतील असं वाटलं, तर तात्यांना विचारतात, "आवडलं का त्यांना?"

"लय!"

"मग झालं." आणि माझ्याकडे वळून, "इंदू, तू उद्या जा. भरतीचं स्वच्छ पाणी भरून ट्रकने पाठव. हे आठवडाभर निभेल, पुढे नाही."

मग माझा तोल सुटला. मी म्हटलं, "मी तुम्हाला न्यायला आलेय, पाणक्याचं काम करायला नाही! इतकी वर्षं तुमचं सगळं मी करते, आणि इथल्या लोकांना तुमची एकच लेक ठाऊक आहे. हिने काय केलं तुमच्यासाठी? निघून गेली!"

कुसुम उठली. "ताई, तुला बाबा रोज मिळतात. रोज! सकाळी उठलीस की समोर असतात. मला लग्नानंतर पहिल्यांदा मिळालेत, तेही अर्ध्या तालुक्याबरोबर वाटून. तेवढंही बघवत नाही तुला?"

"मला काय मिळतं? त्यांचं धोतर धुवायला मिळतं!"

तात्यांनी पटका सारखा केला आणि मेंढरांकडे निघून गेले. बाबा पाठ वाकवून परत घोंगडीत शिरले. त्यांचे ते पाय बघून मला रडावं की ओरडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे पेटीतल्या माशांची संध्याकाळ होऊन घोंगडी पडल्यावर थोड्या वेळाने, आतून हाक आली, "इंदू! लवकर!"

मला हाक मारली. कुसुमला नाही. कुसुम न्हाणीत होती, म्हणून असेल.

आत गेले. माशाचं तोंड उघडमिट होत होतं आणि दर वेळी काचेच्या सुया उडाव्यात तशी पिलं बाहेर पडत होती. नुसते डोळे दिसत, बाकी अंग पाण्यासारखं. थोड्याच वेळात त्याचे गाल आत बसले. एवढ्या दिवसांत प्रथमच त्याचं तोंड मिटलेलं मी पाहिलं. बाबांनी डासांच्या अळ्या सोडल्या, तसा तो अधाशासारखा तुटून पडला. पिलांकडे ढुंकून पाहिलं नाही.

त्या पिलांचासुद्धा मला हेवा वाटला. हसू नका. चाळिशी ओलांडलेल्या, दोन पोरांच्या आईला नखाएवढ्या पिलांचा हेवा वाटला.

"बाबा," मी विचारलं, "हा मासा कुसुमला दाखवलात. मला कधीच का नाही दाखवलात?"

बाबांनी बॅटरी विझवली. काळोखात म्हणाले, "तू कुठे रिकामी होतीस, बाय?"

मग बाहेरून कुसुमचा आवाज आला आणि तीही घोंगडीत घुसली. ती पिलं बघून रडली, आणि मी तिला जागा दिली.

परत

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा पिशवी भरून तयार. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते कुसुमला म्हणाले, "ट्रकवाले खाडीच्या तोंडाशी भरतील, नदीचं मिसळलेलं. ते पिलांना नाही चालायचं. पाऊस लागायच्या आत बाहेरच्या कातळावरचं मी स्वतः भरून पाठवतो." म्हणजे माझ्याबरोबर येत होते ते तिच्या पाण्यासाठी! जिंकूनही मी हरले होते. कुसुमने मला हळद दिली, भडंग दिलं, पाया पडली. तात्यांनी बाबांना विचारलं, "आता कवा येनार? मेंढरं वाट बगतील!" बाबा पोट धरून हसले. बसच्या घाईत त्यांनी चहाचा घोटही घेतला नाही. कुसुमने दिलेली भाकरी फडक्यात बांधून घेतली.

कराडपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. तिथे चिपळूणची बस मिळाली, मी खिडकीशी बसले आणि बाहेर बघत राहिले. घरी गेल्यावर काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होते. कितीतरी रात्री झोप नव्हती. डोळा कधी लागला समजलं नाही.

जागी झाले ती चिपळूणच्या स्टँडवर. माझं डोकं बाबांच्या खांद्यावर, आणि माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी पंचा खिडकीला धरलेला. सगळे उतरले होते. मी सावरून बसले आणि म्हटलं, "चला." बाबांना उठता येईना. हात खांद्यापासून लाकूड झालेला. कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना उतरवलं.

कंडक्टर साताऱ्याकडचा होता. मला म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याला आधी काय तरी खायाला घाला. पाटनला च्या आनून देतो म्हटलं, नगं म्हनलं. हेळवाकला समदी वडं खाऊन आली, ह्ये जाग्यावनं हाललं न्हाई. भाकरीचं फडकंबी सोडलं न्हाई."

मी बाबांकडे पाहिलं. चहावाचून ज्यांचं पान हलत नाही, ते सकाळपासून उपाशी होते.

"का हो?"

बाबा दुखरा हात चोळत होते. "हललो असतो तर तू जागी झाली असतीस," ते म्हणाले.

ही गोष्ट मी कुसुमला अजून सांगितलेली नाही. पाणी नेणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला तेव्हाही नाही. हे छापून आलं की ती वाचेल, घोंगडीत बसून लाल बॅटरीच्या उजेडात वाचेल, आणि तिच्या पोटात दुखेल. दुखू दे.